बजेट थोडं वाढवा, म्हणे

पहिली गाडी घ्यायची आहे असं तुम्ही कुणालाही सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, बजेट किती? तुम्ही आकडा सांगता. मग तो तीन लाख असो, पाच असो की आठ, उत्तर ठरलेलं असतं: "थोडं वाढवा ना." शोरूममधला मुलगा म्हणतो, यूट्यूबवरचा तज्ज्ञ म्हणतो, कर्जासाठी फोन करणारी बाई म्हणते आणि घरचे तर म्हणतातच. माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, गाडी काय रोज रोज घेतो का आपण? थोडं वाढवा बजेट."

या लेखाचं भांडण त्या वाक्याशी आहे. मोजक्या पैशांत पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला याहून वाईट सल्ला मिळू शकत नाही, आणि तो मायेनं दिला जातो म्हणून नाकारणं आणखी अवघड होतं. आणि बजेट वाढायलाच हवं असेल तर ते आमचं नाही. ज्याचं वाढायला हवं, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो, कारण गाडीचा सल्ला देणारे बहुतेक जण हे सांगत नाहीत. मी मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यात भाड्यानं राहतो. हिंजवडीचं आयटी पार्क सगळ्यांना माहीत असतं; तिथून मारुंजी ओलांडून कासारसाई धरणाकडे निघालात की आमचं गाव लागतं. एका बाजूला जांबे, पलीकडे कासारसाई-दारुंबऱ्याचा संत तुकाराम साखर कारखाना. हंगामात उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या, आयटीच्या कॅब, काँक्रीटचे मिक्सर आणि शाळेच्या व्हॅन हे सगळं आमच्या एकाच रस्त्यावर चालतं. मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहितो. तिथे गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनतात. बायको ताथवड्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. मुलगी पाचवीत, मुलगा बालवाडीत, आणि गुडघे गेलेली आई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 54 हजार, त्यातले 12 हजार घरभाड्याचे. सहा वर्षांत आम्ही 3 लाख 60 हजार बाजूला टाकले होते. हे झालं आमचं बजेट. ते कुणी आमच्यावर लादलेलं नव्हतं. सहा वर्षं जपून चालवलेल्या संसाराचा तो हिशेब होता. "थोडं वाढवा" म्हणणारा माणूस त्या सहा वर्षांना नकळत कमी लेखतो.

आता गाडी हवीच कशाला, हा रास्त प्रश्न. कामावर मी मोटारसायकलनं जातो, आजही तसाच जातो. गाडी लागते ती बाकीच्यासाठी. आईला महिन्यातून दोनदा चिंचवडला डॉक्टरांकडे न्यायचं असतं आणि तिला मोटारसायकलवर बसता येत नाही. पावसाळ्यात चौघांनी कुठे जायचं तर कायदाच म्हणतो की दुचाकीवर चालकामागे एकच माणूस. मोटार वाहन कायद्याचं 128 वं कलम तेवढ्यासाठीच आहे. रात्री अडीच वाजता मुलाला दम लागला तर रिक्षा कुठून आणायची? अशा सगळ्या चकरा मिळून महिन्याचे पाचशे किलोमीटर होतात. हा पाचशेचा आकडा लक्षात ठेवा. गाडी घेताना आम्हाला तो कुणीही विचारला नाही. मायलेज किती हवं, सनरूफ हवं का, रंग कुठला, हे सगळं विचारलं. गाडी महिन्याला किती चालणार, हे नाही.

बजेट वाढतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. ते एकदम कधीच वाढत नाही. एका शोरूममध्ये मी सर्वात खालचं मॉडेल मागितलं. उत्तर मिळालं, "सर, ते बुक करायला हरकत नाही, पण तीन महिने थांबावं लागेल. वरचं मॉडेल उद्या देतो. फक्त 45 हजारांचा फरक आहे." मग म्युझिक सिस्टीम आणि मागच्या पॉवर विंडोसाठी आणखी एक पायरी, तीही "फक्त" चाळीसची. त्या पायरीवर पोचलं की सांगतात, एवढे देतच आहात तर या किमतीत मोठ्या गाडीचं बेस मॉडेल येतं. मग पुन्हा तिच्या खालच्या पायरीपासून सुरुवात. साडेतीन लाखांचा माणूस अशा पाच-सहा "फक्त"मध्ये आठ लाखांवर पोचतो आणि कुठल्याही एका पायरीवर त्याला आपण वेडेपणा केला असं वाटत नाही.

भोसरीत बसून मला याची फार गंमत वाटते. आमचा ब्रॅकेट गाडीत जातो तेव्हा त्याच्या दरावरून वीस-वीस पैशांची घासाघीस होते. पत्र्याची जाडी, वेल्डिंगचे टाके, वाहतूक, सगळं खरडून निघतं. त्या साखळीत वीस पैसे ही गंभीर रक्कम असते. साखळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ब्रॅकेट बनवणाराच गिऱ्हाईक म्हणून उभा असतो, तिथे 45 हजार म्हणजे "फक्त".

हे पचतं ते हप्त्यामुळे. हप्ता किमतीला महिन्यांनी भागतो आणि भागाकारात माणूस हरवतो. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घ्या. हप्ता येतो सुमारे 9,800 रुपये. "म्हणजे रोजचे सव्वातीनशे!" असं लगेच सांगतात. सात वर्षांत तुम्ही 8 लाख 23 हजारांच्या वर भरता, त्यातलं व्याजच 2 लाख 23 हजार, हे त्याच दमात कुणी सांगत नाही. आता मघाचा पाचशे किलोमीटरचा आकडा घ्या. 9,800 भागिले 500, म्हणजे किलोमीटरला साडेएकोणीस रुपये. त्यात पेट्रोल नाही, विमा नाही, सर्व्हिसिंग नाही. पुण्यात 2022 साली ठरलेला रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये आहे. थोडक्यात, स्वतःच्या नव्या गाडीत बसून मी नुसता हप्ताच रिक्षाच्या मीटरहून जास्त भरणार, वर पेट्रोल वेगळं टाकणार. कुणी म्हणेल की हप्ते फिटल्यावर गाडी उरते, तिची किंमत येते. खरं आहे, पण सात वर्षं जुन्या गाडीची येते. आणि ती सात वर्षं आमच्या घरात दरमहा शिल्लक पडणारी सगळीच्या सगळी रक्कम त्या गाडीच्या चाकाखाली गेलेली असते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची पुढची शाळा, माझी नोकरी गेली तर काढायचे चार महिने, हे सगळं त्या रकमेतूनच व्हायचं असतं.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो. तो असा की भारतीय माणसाला स्वस्त गाडी नकोच असते, बघा नॅनोचं काय झालं! हे इतक्या वेळा बोललं गेलंय की त्याचा आता वाक्प्रचार झाला आहे. म्हणून नॅनोची गोष्ट नीट सांगायला हवी. ती आमच्या शेजारच्या पिंपरीतली आहे, तिथल्या टाटांच्या इंजिनिअरांनी ती गाडी घडवली. पावसात स्कूटरवरून जाणारं कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, हे सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी 2008 मध्ये ती दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरात सिंगूर सोडावं लागलं, मार्च 2009 मध्ये ती बाजारात आली, मग साणंदचा कारखाना उभा राहिला आणि जून 2018 मध्ये तर महिन्याभरात एकच नॅनो बनली. "सर्वात स्वस्त गाडी" हा शिक्का तिला भोवला, असं खुद्द रतन टाटांनीही पुढे मान्य केलं.

यावरून "लोकांना स्वस्त नको" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा जुन्या गाड्यांच्या बाजारात यावं. रविवारी सकाळी चिंचवड-पिंपरीच्या कुठल्याही यार्डात जा. तिथे बायकामुलांसह आलेली माणसं तीन-साडेतीन लाखांच्या गाड्यांभोवती घुटमळताना दिसतील. त्यांना स्वस्त गाडी हवी आहे. नॅनोत बसताना जगानं "बिचारा" म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. स्वस्त असणं आणि स्वस्त म्हणून हिणवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1983 ची मारुती 800 ही स्वस्तच गाडी होती. तिला कुणी गरिबाची गाडी म्हणून विकलं नाही आणि ती 2014 पर्यंत टिकली. तिची जागा घेणारी अल्टो 800 मार्च 2023 मध्ये बंद झाली. बाजारात मोठ्या गाड्यांवर नफा जास्त सुटतो, म्हणून खालच्या पायऱ्या एकेक करून काढल्या गेल्या. पायऱ्या काढणाऱ्यांनीच मग सांगायचं की लोक वर चढायला उत्सुक आहेत!

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी घटला, छोट्या गाड्या स्वस्त झाल्या, याचा गाजावाजा झाला. झाल्या स्वस्त, ते नाकारण्यात अर्थ नाही. आधीचा 28 टक्के कर आणि वरचा उपकर जाऊन 18 टक्के आला. पण "छोटी गाडी" कुणाला म्हणायचं? पेट्रोलची असेल तर लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन 1200 सीसीच्या आत. त्या व्याख्येत चार लाखांच्या आतली सर्वात साधी हॅचबॅक बसते आणि टर्बो इंजिनाची, सनरूफवाली, दहा-बारा लाखांच्याही पुढे जाणारी चार मीटरची एसयूव्हीसुद्धा बसते. दोघींना 18 टक्के. विजेवरच्या गाडीला 5 टक्के, मग ती पन्नास लाखांची का असेना. आणि डिझेल-सीएनजीवर चालणारी, पन्नास माणसं वाहून नेणारी बस? तिलाही 18 टक्केच. म्हणजे आमच्या रस्त्यावरून एकटा माणूस बसलेली एसयूव्ही आणि पन्नास माणसं भरलेली बस यांच्याकडे कराचं टेबल एकाच नजरेनं बघतं. यात गरजूला मदत कुठे आहे ते मला दाखवा.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. तो सुरक्षिततेचा आहे आणि टाळून चालणार नाही. "जुनी, छोटी, पत्र्याची गाडी घेऊन पोरांचा जीव धोक्यात घालणार का?" हे ऐकलं की कुठल्याही बापाचा हात खिशाकडे जातो. विकणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. आक्षेपात तथ्य आहेच. 2014 साली ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या बिनएअरबॅगच्या मॉडेलांची टक्कर-चाचणी केली, तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. अल्टो 800 आणि नॅनो त्यात होत्या.

पण तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न आहे. शोरूम माझ्या जुन्या गाडीची तुलना पाच तारेवाल्या नव्या गाडीशी करतं. मी मात्र पाच तारेवाल्या गाडीतून उतरून अल्टोत बसत नाहीये, मी मोटारसायकलवरून उतरतोय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली. त्यातले सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. पावसात, रात्री, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागून चौघांनी मोटारसायकलवर येणं आणि चारही जणांनी पट्टे लावून एका साध्या गाडीत बसणं यांतला फरक, दोन तारे आणि पाच तारे यांतल्या फरकाहून कितीतरी मोठा आहे. "पाच तारे परवडेपर्यंत थांबा" असं सांगणारा माणूस मला प्रत्यक्षात आणखी तीन वर्षं दुचाकीवर राहायला सांगतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

शिवाय सुरक्षितता कमी बजेटमध्येही शोधता येते, फक्त गाडीचं वर्ष वाचता यायला हवं. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. 2022 उजाडल्यापासून पुढे बसणाऱ्या दोघांनाही एअरबॅग सक्तीच्या झाल्या. म्हणजे 2022 किंवा नंतर बनलेली कुठलीही छोटी गाडी घ्या, या तीन गोष्टी त्यात असतातच. त्यासाठी बजेट वाढवावं लागत नाही, आरसी बुकावरची तारीख वाचावी लागते. मला एवढी माहिती एकाही विक्रेत्यानं स्वतःहून दिली नाही. त्यांनी तारे मोजून दाखवले, तेही नव्या गाडीचे.

आम्ही शेवटी 2022 च्या अखेरीची अल्टो 800 घेतली. एका मालकाची, 38 हजार किलोमीटर चाललेली, 3 लाख 25 हजारांना. उरलेल्या 35 हजारांत नावावर करण्याचा खर्च, विमा आणि चार टायर झाले. कर्ज शून्य. इंजिन हजार सीसीच्या आत असल्यामुळे थर्ड पार्टी विम्याचा ठरलेला हप्ता वर्षाला 2,094 रुपये अधिक कर. पाच वर्षांनी ती समजा सव्वा लाखाला विकली, तर गेले दोन लाख. म्हणजे महिन्याला सव्वातीन-साडेतीन हजार, किलोमीटरला सात रुपयांच्या आत. पेट्रोल आणि दुरुस्ती धरूनही रिक्षाच्या मीटरच्या आसपासच. पाच वर्षांनी भाव किती येईल हा माझा अंदाज आहे, पण हिशेबाचा जीव त्यात नाही. जीव यात आहे की गाडी दारात उभी असतानाही आमची दरमहाची शिल्लक पडत राहते.

कुणी म्हणेल, नवीच छोटी गाडी का नाही? तीही घ्यावी! आता अल्टो के10 मध्येही सहा एअरबॅग येतात. सर्वात खालचं मॉडेल धरून ठेवायची जिद्द असेल आणि दोन वर्षांत फिटेल एवढंच कर्ज लागत असेल, तर माझं काही म्हणणं नाही. सीएनजी घ्या, ज्याची रोजची धाव मोठी आहे त्यानं जरूर घ्या. आमच्यासारख्या पाचशे किलोमीटरवाल्याला त्या टाकीचे जादा पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील आणि मागे आईची व्हीलचेअर ठेवायला जागा उरणार नाही. विजेवरची म्हणाल, तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं चार्जिंगची वायर कुठून ओढायची ते घरमालकाला विचारून बघा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आकडा आधी ठरवा आणि गाडी त्या आकड्यात शोधा. गाडी आधी ठरवून मग आकडा ताणू नका.

जुनी गाडी घेणाऱ्याची फसवणूक होते, हेही खरं. पण त्यावरचा इलाज नवी गाडी नाही, जागरूकपणा आहे आणि तो स्वस्त मिळतो. आपला मेकॅनिक सोबत न्या, त्याला त्याची दिवसाची मजुरी द्या. कोल्हापूर-सांगलीत 2019 आणि 2021 साली महापूर आले, अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून कुठेही विकायला येतात. सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाचा डाग असेल तर तिथूनच नमस्कार करा. सर्व्हिसिंगचा इतिहास कंपनीच्या सेंटरमधून काढून घ्या आणि मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन "नावावर नंतर करू" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. थकलेली चलनं आधी भरून घ्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, तेव्हा तो धरून सांगितलेल्या हप्त्यावर विसंबू नका. एवढं करायला दोन रविवार लागतात. नव्या गाडीच्या व्याजापायी यातलं काहीच करावं लागत नाही, नुसती सात वर्षं भरावी लागतात.

जुनी गाडी घेणाऱ्याला व्यवस्था मात्र शिक्षा करते. नव्या गाडीच्या कर्जाला व्याज कमी, जुन्या गाडीच्या कर्जाला जास्त. ज्याच्याकडे कमी आहे त्याचा पैसा महाग. जानेवारी 2025 मध्ये जुन्या छोट्या गाड्यांच्या डीलरांच्या नफ्यावरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला, म्हणजे मोठ्या जुन्या गाड्यांवरच्या दराला आणून ठेवला. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराला तो लागत नाही, म्हणून शक्यतो मालकाकडून थेट घ्यावी. पण दिशा लक्षात येते ना?

आता लोकांचं बोलायचं. आमच्या भागात जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा "गुंठामंत्री" हा शब्द रुळला आणि पांढऱ्या दांडग्या एसयूव्ही त्याच्याशी जोडल्या गेल्या. शहरातून आलेले आम्ही भाडेकरू त्या शब्दावर हसतो. मला ते हसणं पटत नाही. जमीन विकून रोखीनं गाडी घेणाऱ्यानं निदान आपल्याकडचं काहीतरी देऊन ती घेतली. पुढच्या सात वर्षांचा, अजून न मिळालेला पगार गहाण टाकून तीच गाडी घेणारा आयटीतला माणूस त्याच्याहून शहाणा कसा? दोघांनाही भीती एकच, छोट्या गाडीतून उतरताना कुणी बघेल याची. आमच्या अल्टोची पूजा झाली, चाकाखाली लिंबं चिरडली, पेढे वाटले. पेढा खाताना एका शेजाऱ्यांनी विचारलं, "सध्यापुरती घेतली का?" मी म्हणालो, "नाही काका, पुरते म्हणून घेतली."

इथवर सगळा घरचा हिशेब झाला. पण ज्याचं बजेट खरोखर वाढायला हवं, तिकडे यायचं राहिलंय.

हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे, गहुंजे. ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. इमारती उभ्या राहायला त्या चर्चेची गरज पडली नाही. त्या आधी आल्या, माणसं आली, आणि माणसांच्या येण्याजाण्याची सोय मागाहून बघू म्हणून राहिली. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची मेट्रो, तिचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं आणि तिच्या मुदती पुढे पुढे सरकत राहिल्या. ती आली तरी तिच्यापर्यंत नेऱ्यातून जायला बसच लागणार. आणि बस किती आहेत? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या मापदंडात हजार लोकांमागे 0.6 बस म्हणजे चांगली सेवा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 48 लाखांच्या वर. त्या जुन्या, आज कुठेच उरलेल्या नसलेल्या लोकसंख्येलासुद्धा 2,900 बस लागतात. पीएमपीएमएलचा ताफा आहे दोन हजारांच्या आसपास, आणि त्यातच दोन्ही शहरांबाहेरची आमच्यासारखी गावंही सांभाळायची.

ती बस आली नाही म्हणून नेऱ्यातल्या माणसानं गाडी घ्यायची. गाडीच्या किमतीत जीएसटी भरायचा, राज्याचा एकरकमी वाहनकर भरायचा, जो दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आहे, मग आयुष्यभर पेट्रोलवरचा कर भरायचा. सार्वजनिक सोय नसल्याचा दंड प्रत्येक घर वेगवेगळा भरतंय, आणि त्या दंडाच्या पावतीला आपण "पहिल्या गाडीचं स्वप्न" म्हणतो. हार घालून फोटो काढतो. बजेट वाढवायचं तर बसचं वाढवा की!

"स्वतः गाडी घेतली आणि आता बसचं कीर्तन करताय," असं मेहुणा म्हणतोच. पण गाडी छोटी आणि बिनकर्जाची असण्याचा माझ्या लेखी सर्वात मोठा फायदा हाच आहे. ज्यानं आठ-दहा लाख गुंतवले, त्याला ती गाडी रोज बाहेर काढावीच लागते, नाहीतर हप्ता अंगावर येतो. त्याला रस्ता रुंद हवा, उड्डाणपूल हवा, पार्किंग हवं. त्याच्या हप्त्यानं त्याची मागणीसुद्धा ठरवून टाकलेली असते. उद्या दर दहा मिनिटांनी बस आली तर त्याला आनंद होण्याऐवजी आपण फसलो असं वाटेल. माझ्या अल्टोनं असं काही बांधून घातलेलं नाही. ती आठवडाभर उभी राहिली तरी माझं रक्त आटत नाही. आईला डॉक्टरांकडे न्यायला, रात्री-अपरात्री धावायला ती आहे, आणि उरलेल्या वेळी मी बस मागायला मोकळा आहे.

म्हणून नेऱ्यात, किंवा नेऱ्यासारख्या कुठल्याही अर्धवट शहरात पहिली गाडी घेणाऱ्याला माझं सांगणं आहे की विहिरीवरची मोटर घेता तशी गाडी घ्या. काम बघा, किती तास चालणार ते बघा, तेवढ्याच ताकदीची घ्या, नीट तपासून घ्या. तिच्यासाठी घर गहाण पडू देऊ नका. वाचलेले पैसे घरात ठेवा. आणि गावात ग्रामसभा असेल, महापालिकेची सुनावणी असेल, मतं मागायला कुणी दारात येईल, तेव्हा तुमच्या गाडीचं मॉडेल विचारण्याआधी त्याला विचारा की सकाळी सात ते रात्री अकरा, दर दहा मिनिटांनी नेऱ्यातून बस सोडायला तुमचं बजेट किती आहे? तो आकडा सांगेल. मग त्याला म्हणा, थोडं वाढवा.